पेनड्राइव्ह चालत नाही : कसूर कोणाचा, इलाज काय?

आजच्या व्यापारात बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर किती भार असतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. कापड दुकानाचा वर्षभराचा हिशेब, उधारीची खाती, जीएसटीची बिले, गणवेशाच्या ऑर्डरींची मापे, भरतकामाच्या यंत्राची डिझाइने, हे सर्व त्यात भरलेले असते. आर्वी, पुलगाव, देवळी, हिंगणघाट येथील दुकानदार हाच पेनड्राइव्ह खिशात घालून वर्ध्याला कर सल्लागाराकडे जातो. तेथे तो लॅपटॉपला लावला आणि पडद्यावर काहीच दिसले नाही, तर काय करावे? मासिक विवरणपत्र भरणाऱ्यास जीएसटीआर-१ साठी पुढील महिन्याची ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी साठी २० तारीख पाळावी लागते. मुदत डोक्यावर असली की माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाचा हात नेमका नको त्या बटणावर पडतो.

आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, संगणकाचे इंजिनिअर नव्हे. परंतु दुकानात रोज लॅपटॉप वापरणाऱ्यास जेवढे माहीत असावयास हवे, तेवढे येथे क्रमाने मांडत आहोत. ही माहिती मुख्यतः विंडोजवर चालणाऱ्या लॅपटॉपविषयी आहे, कारण आपल्या दुकानांतून बहुतेक तेच वापरात आहेत.

डबीची किंमत आणि मालाची किंमत

प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी. पेनड्राइव्ह काही शे रुपयांचा असतो. आतील हिशेबाची किंमत लाखांत असू शकते. तेव्हा "पेनड्राइव्ह दुरुस्त कसा होईल?" हा पहिला प्रश्न नव्हे. "आतील माल सुखरूप बाहेर कसा येईल?" हा पहिला प्रश्न होय.

हा फरक न केल्यामुळे होणारे नुकसान आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्या परिचयाच्या एका कापड दुकानदाराचा तीन वर्षांच्या उधारीचा हिशेब एकाच पेनड्राइव्हमध्ये होता. तो उघडेना म्हणून त्यांनी एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्याने पाच मिनिटांत तो फॉरमॅट करून परत दिला. पेनड्राइव्ह नवा असल्यासारखा चालू लागला, पण आत एकही खाते शिल्लक नव्हते. पुढे रमजान ईदच्या हंगामात वसुलीला निघाल्यावर त्यांना ग्राहकांच्याच आठवणीवर भरवसा ठेवावा लागला. म्हणून दुसऱ्याच्या हाती वस्तू देताना आधी स्पष्ट सांगावे : "आतील फाइली हव्या आहेत, फॉरमॅट करू नका."

यूएसबी म्हणजे काय?

लॅपटॉपच्या बाजूला जी चपटी खाच असते तिला यूएसबी पोर्ट म्हणतात. पूर्वी माऊस, प्रिंटर, कीबोर्ड यांना निरनिराळ्या आकाराच्या खाचा लागत. सर्वांसाठी एकच खाच असावी म्हणून काही कंपन्यांनी मिळून जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती जाहीर केली. या कामात इंटेल कंपनीतील अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. पेनड्राइव्ह बाजारात आले ते २००० साली. तेव्हा त्यात केवळ ८ एमबी मजकूर मावत असे.

जुन्या पद्धतीच्या यूएसबी पोर्टमध्ये चार संपर्कपट्ट्या असतात. दोन पट्ट्यांतून ५ व्होल्टची वीज जाते आणि उरलेल्या दोन पट्ट्यांतून मजकुराची ये-जा होते. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० मध्ये वेगासाठी आणखी पाच पट्ट्या वाढविल्या गेल्या. अनेक लॅपटॉपवर अशा पोर्टची आतील जीभ निळी असते.

एवढे समजले तरी एक मोठा गैरसमज दूर होतो. "पेनड्राइव्हचा दिवा लागतो, म्हणजे तो ठीक आहे," असे पुष्कळ लोक मानतात. दिवा लागणे म्हणजे फक्त वीज पोहोचली. मजकुराची वाट बंद असू शकते.

तीन संशयित, एकेकाचा तपास

शिलाई यंत्रावर धागा वारंवार तुटू लागला तर जाणकार कारागीर एकाच वेळी सुई, धागा, बॉबिन आणि ताण असे सर्व बदलत नाही. तो एक वस्तू बदलतो, चालवून पाहतो, मग दुसरीकडे वळतो. सर्व एकदम बदलले तर धागा तुटणे थांबेलही, पण कसूर कशाचा होता ते कळत नाही.

येथेही हीच रीत लावावी. संशयित तीन आहेत : पेनड्राइव्ह, लॅपटॉपचे पोर्ट आणि लॅपटॉपमधील विंडोज. मध्ये वायर, अडॅप्टर किंवा हब असल्यास तो चौथा. म्हणून आधी मधले सर्व काढून पेनड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावावा आणि पुढील क्रमाने तपास करावा.

१) तोच पेनड्राइव्ह त्याच लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावावा. तेथे चालला तर पहिले पोर्ट संशयित.

२) दोन्हीकडे न चालल्यास तो दुसऱ्या संगणकावर लावून पाहावा. तेथे चालला तर पेनड्राइव्ह बहुधा निर्दोष आहे. अशा वेळी आनंदात तो लगेच काढून घेऊ नये. प्रथम सर्व फाइली त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात, मग पुढचा तपास.

३) आता दुसरा, चांगला चालणारा पेनड्राइव्ह संशयित पोर्टमध्ये लावावा. तोही न चालल्यास पोर्ट किंवा विंडोजचा दोष.

४) पेनड्राइव्ह दोन-तीन निरनिराळ्या संगणकांवर कोठेच दिसत नसेल, तर दोष त्याच्याच अंगात आहे. मग लॅपटॉपची खोलाखोल करण्यात अर्थ नाही.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. "या पोर्टवर माऊस चालतो, म्हणजे पोर्ट चांगले," हा निष्कर्ष पूर्ण खरा नाही. माऊसला वीज थोडी लागते आणि तो जुन्या चार पट्ट्यांवरच चालतो. यूएसबी ३.० चा पेनड्राइव्ह नव्या पाच पट्ट्याही वापरतो. त्या मळलेल्या असतील तर माऊस चालेल आणि पेनड्राइव्ह अडेल. अशा वेळी तोच पेनड्राइव्ह जुन्या २.० पोर्टमध्ये किंवा २.० च्या छोट्या वायरने लावून पाहावा. वेग कमी मिळेल, पण मजकूर बाहेर निघू शकेल.

पोर्टमध्ये अडकलेली रुई

आपला जिल्हा कापसाचा. हिंगणघाटचे नाव कापसाच्या बाजारात शंभर वर्षांहून अधिक काळ गाजत आहे. जिनिंग, गादी-रजई, शिलाई आणि कापड या धंद्यांत हवेत बारीक तंतू सतत उडत असतात. ते लॅपटॉपच्या पोर्टमध्ये जाऊन बसतात. प्रत्येक वेळी पेनड्राइव्ह आत सारला की तो त्यांना आणखी आत दाबतो. काही महिन्यांत तेथे घट्ट गादी तयार होते आणि पेनड्राइव्ह पूर्ण आत जात नाही. नवीन लॅपटॉपवरील लहान, लंबगोल टाइप-सी पोर्टमध्ये हे अधिक होते, कारण त्याची खाच अरुंद असते.

साफ करण्यापूर्वी लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा आणि बॅटरी निघत असल्यास तीही काढावी. मग टॉर्चच्या उजेडात आत पाहावे. कोरडा मऊ ब्रश, हवा मारण्याचा रबरी फुगा किंवा लाकडी दातकोरणी वापरावी, आणि आतल्या जिभेवर जोर देऊ नये. टाचणी, सुई किंवा कात्रीचे टोक कधीही घालू नये. धातूने दोन पट्ट्या जोडल्या गेल्या तर पोर्ट जळू शकते. तोंडाने फुंकर मारू नये, कारण श्वासातील ओल आत जाते. पेनड्राइव्हचे टोक कोरड्या सुती कापडाने पुसावे.

पेनड्राइव्ह हलविला की दिसतो आणि सोडला की जातो, असे होत असेल तर पोर्ट सैल झाले आहे. हे पोर्ट काही लॅपटॉपमध्ये मुख्य बोर्डावर डाख देऊन बसविलेले असते, तर काहींमध्ये वेगळ्या लहान पट्टीवर असते. पट्टी वेगळी असल्यास तीच बदलता येते आणि खर्च कमी येतो. दुरुस्तीला देण्यापूर्वी आपल्या लॅपटॉपमध्ये कोणता प्रकार आहे ते विचारून घ्यावे. सैल पोर्टमध्ये कागदाची घडी घालून काम चालवू नये. मजकूर लिहिला जात असताना संपर्क तुटला तर फाइल बिघडते.

विजेची तंगी

यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत आणि ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देते, असा नियम आहे. पेनड्राइव्हचे तेवढ्यात भागते. परंतु पोर्टेबल हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरणारी मोटर असते आणि ती सुरू होताना जास्त वीज ओढते. एका पोर्टला चार फाटे फोडणारा स्वस्त हब लावला तर तेवढीच वीज चौघांत वाटली जाते. मग हार्डडिस्क टक-टक आवाज करते आणि दिसत नाही. यावर उपाय म्हणजे हब काढावा, आखूड आणि जाड वायर वापरावी, डिस्क ३.० पोर्टला थेट लावावी आणि लॅपटॉपला चार्जर जोडावा. एवढे करूनही आवाज थांबला नाही तर डिस्क लगेच काढावी. बिघडलेली डिस्क चालू ठेवल्याने नुकसान वाढते.

पोर्टवर विजेचा जोर वाढल्याचा, म्हणजे 'पॉवर सर्ज'चा संदेश पडद्यावर आला तर जोडलेली वस्तू तत्काळ काढून घ्यावी. तीच वस्तू दुसऱ्या पोर्टमध्ये घालून तेही जाळून घेऊ नये.

कधी कधी सर्वच पोर्ट एकदम गप्प होतात. अशा वेळी लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग चालू करावे. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. विंडोज १० व ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असल्यास 'शट डाउन' केल्याने सर्व काही नव्याने सुरू होत नाही. त्यासाठी 'रीस्टार्ट' हाच पर्याय निवडावा. केवळ याने पुष्कळ तक्रारी मिटतात.

विंडोजमध्ये कोठे पाहावे?

पेनड्राइव्ह लावल्यावर 'टुंग' असा आवाज येतो, पण 'धिस पीसी'मध्ये तो दिसत नाही. याचा अर्थ लॅपटॉपला पाहुणा आल्याचे कळले, पण त्याला खोली मिळाली नाही. 'स्टार्ट' बटणावर उजवी क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. तेथे चारपैकी एक चित्र दिसते :

- पेनड्राइव्ह आहे, पण त्याला ई, एफ, जी असे अक्षर नाही. उजवी क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स'मधून मोकळे अक्षर द्यावे. माल जसाच्या तसा मिळतो.
- 'रॉ' असा शब्द दिसतो. म्हणजे आतील अनुक्रमणिका बिघडली आहे. मजकूर बहुधा शिल्लक आहे. येथे फॉरमॅट करू नये.
- 'अनअलोकेटेड' दिसते. म्हणजे विभागणीची नोंद पुसली गेली आहे. येथेही नवीन काही बनविण्यापूर्वी आतील माल शोधावा.
- 'नो मीडिया' किंवा शून्य आकार दिसतो. म्हणजे पेनड्राइव्हच्या आतील नियंत्रक चिपचा साठवणाऱ्या चिपशी संबंध तुटला आहे. याला घरगुती इलाज नाही.

डिस्क मॅनेजमेंटमध्येही नाव नसेल तर 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावे. तेथे यूएसबीच्या यादीत पिवळे चिन्ह किंवा 'अननोन यूएसबी डिव्हाइस' दिसल्यास त्यावर उजवी क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करावे, पेनड्राइव्ह काढावा आणि रीस्टार्ट करून पुन्हा लावावा. विंडोज आपला ड्रायव्हर स्वतः बसवून घेते. तेथेच 'यूएसबी रूट हब'च्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचविण्यासाठी पोर्ट झोपविण्याची परवानगी दिलेली असते. काम चालू असताना ड्राइव्ह मध्येच गायब होत असेल तर ती खूण काढून टाकावी.

'फॉरमॅट करा' या संदेशाला काय उत्तर द्यावे?

वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करणे जरूर आहे, असा संदेश येतो तेव्हा 'कॅन्सल' हेच उत्तर द्यावे. विंडोजला आतील अनुक्रमणिका वाचता आली नाही, एवढेच त्याचे म्हणणे असते. झटपट फॉरमॅटने अनुक्रमणिका नवी होते. जुना मजकूर त्या क्षणी पुसला जातोच असे नाही. पण त्यानंतर जे लिहाल ते जुन्या मजकुरावर बसते आणि तो कायमचा जातो.

अशा पेनड्राइव्हवर नवीन काहीही लिहू नये. 'चेकडिस्क'सारखा दुरुस्तीचा आदेशही आधी देऊ नये, कारण तो अनुक्रमणिका जुळविताना तुटलेल्या नोंदी काढूनही टाकतो. फाइली परत मिळविण्यासाठी 'टेस्टडिस्क' आणि 'फोटोरेक' हे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. त्यांचा उपयोग जाणकाराकडून करून घ्यावा आणि सापडलेल्या फाइली लॅपटॉपवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात. त्याच पेनड्राइव्हवर कदापि नव्हे. माल मौल्यवान असेल आणि पेनड्राइव्ह कोठेच ओळखला जात नसेल, तर प्रयोग थांबवून नागपूरसारख्या शहरातील डाटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जावे. वर्ध्याहून नागपूर सुमारे ७५ किलोमीटर आहे. तीन वर्षांच्या हिशेबासाठी तो फेरा महाग नाही.

विषाणू आणि नकली माल

सर्व फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागले, तर ते विषाणूचे काम समजावे. बहुधा मूळ फाइली आतच लपविलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक करू नये, कारण त्यानेच रोग लॅपटॉपमध्ये शिरतो. प्रथम 'विंडोज सिक्युरिटी'ने तपासणी करून घ्यावी, मग लपलेल्या फाइली दाखविण्याचा पर्याय चालू करावा. झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर अनेकांचे पेनड्राइव्ह लागतात. तेथे हिशेबाचा पेनड्राइव्ह नेऊ नये. छपाईसाठी वेगळा ठेवावा.

नकली मालाची ओळख कापडवाल्यास वेगळी सांगावयास नको. ताग्याच्या वरच्या घडीवर उत्तम कापड आणि आत हलके, तसाच हा प्रकार. वेष्टनावर ५१२ जीबी किंवा १ टीबी लिहिलेले असते, विंडोजही तेच दाखविते, पण आतील चिप कधी १६ किंवा ३२ जीबीचीच असते. सुरुवातीच्या फाइली ठीक उघडतात. खरी जागा संपल्यावर पुढील फाइली नावापुरत्या दिसतात आणि उघडत नाहीत. भाव विश्वास बसणार नाही इतका कमी असेल तर सावध व्हावे. बिल घेऊनच खरेदी करावी आणि 'एच२टेस्टडब्ल्यू' या विनामूल्य कार्यक्रमाने नवीन, रिकामा पेनड्राइव्ह भरून तपासावा.

भरतकामाच्या यंत्रावर न चालल्यास

जरी आणि भरतकाम करणाऱ्या कारागिरांची एक निराळी तक्रार असते : पेनड्राइव्ह लॅपटॉपवर दिसतो, पण यंत्रावर दिसत नाही. येथे बहुधा कोणीच बिघडलेले नसते. लॅपटॉप एनटीएफएस, एक्सफॅट आणि फॅट३२ या तिन्ही पद्धतींची मांडणी वाचतो. अनेक यंत्रे फक्त फॅट३२ वाचतात. यंत्रासाठी ८ किंवा १६ जीबीचा लहान पेनड्राइव्ह वेगळा ठेवावा, तो रिकामा असतानाच फॅट३२ मध्ये फॉरमॅट करावा आणि यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीच्याच फाइली त्यात ठेवाव्यात. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. डिझाइनच्या फाइली फार लहान असतात, म्हणून त्याची अडचण येत नाही. हिशेबाचा मोठा बॅकअप मात्र याच कारणाने त्यात शिरत नाही, मग जागा मोकळी दिसत असली तरी.

पेनड्राइव्ह वाहन आहे, गोदाम नव्हे

टॅली किंवा दुसऱ्या कार्यक्रमाचा चालू हिशेब थेट पेनड्राइव्हवर ठेवून काम करू नये. हिशेब लॅपटॉपच्या डिस्कवर चालवावा आणि पेनड्राइव्हवर फक्त बॅकअप न्यावा. काढताना 'इजेक्ट' करावे. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० पासून पेनड्राइव्ह झटकन काढण्याची सोय मुळातच चालू असते, हे खरे. परंतु लिहिणे चालू असताना ओढला तर फाइल तुटणारच. दिवा स्थिर होईपर्यंत थांबावे.

पेनड्राइव्हमध्ये मजकूर सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपाने राहतो. हा भार वर्षांनुवर्षे हळूहळू झिरपतो आणि उष्णतेत अधिक वेगाने झिरपतो. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. स्कूटरच्या डिकीत किंवा बंद मोटारीत पेनड्राइव्ह ठेवू नये. वर्षानुवर्षे कपाटात पडलेला जुना पेनड्राइव्ह मधूनमधून उघडून पाहावा आणि त्यातील मजकूर नवीन जागी उतरवून घ्यावा.

कायदाही याच गोष्टीकडे बोट दाखवितो. १ जुलै २०१७ रोजी लागू झालेल्या जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याने हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जतन करावयाची आहेत. संगणकावरील नोंदींचा योग्य बॅकअप ठेवावा, म्हणजे अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने त्या नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत परत उभ्या करता येतील, असे नियम ५७ सांगतो. अधिकाऱ्यासमोर "पेनड्राइव्ह बिघडला" हे उत्तर पुरे पडणार नाही.

म्हणून हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात : एक लॅपटॉपमध्ये, दुसरी पोर्टेबल हार्डडिस्कवर, आणि तिसरी दुकानाबाहेर, म्हणजे घरी किंवा इंटरनेटवरील साठवणीत. आग, पाणी किंवा चोरी झाली तरी तिन्ही एकदम जात नाहीत. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटची नोंद तपासावी. जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही, त्याच्या भरवशावर राहता येत नाही. ग्राहकांची नावे आणि देणी ही आपल्याकडील अमानत आहे, तेव्हा फाइलीला पासवर्डही लावावा.

दुकानात लॅपटॉपजवळ पुढील चार ओळी कागदावर लिहून चिकटवाव्यात, म्हणजे आपल्या गैरहजेरीत मुलाने किंवा नोकराने घाईत काही करू नये :

१) पेनड्राइव्ह दिसला नाही तर आधी दुसरे पोर्ट, मग दुसरा संगणक.

२) 'फॉरमॅट' विचारल्यास 'कॅन्सल'.

३) एकदा उघडला की प्रथम फाइली उतरवून घ्या, दुरुस्ती नंतर.

४) पोर्टमध्ये सुई-टाचणी घालू नका.

ज्याच्याकडे हिशेबाची दुसरी प्रत तयार आहे, त्याला बिघडलेला पेनड्राइव्ह टाकून नवीन घ्यावयास पाच मिनिटे लागतात. ती प्रत आजच दुकान बंद करण्यापूर्वी काढावी.